सहावें जनावर

माणदेश पर्जन्यछायेंत येतो, हें भूगोलाच्या तासास आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों; पण त्या शब्दाचा पुरता अर्थ आम्हांस सन २०१९ च्या मार्च महिन्यांत चारा-छावणीवर कळला. वर्गांतील बाकें रिकामीं राहूं लागलीं म्हणून आम्ही तेथें गेलों, तों मुलें खिलार बैलांच्या दावणीशीं मुक्कामास!

छावणींतील मुख्य वैरण म्हणजे उसाचें वाढें. जनावर तें आवडीनें खातें. मात्र त्यांतील ऑक्झॅलेट अंगांतील चुना बांधून टाकतें, सबब जाणते लोक नुसत्या वाढ्यावर विसंबत नाहींत, सोबत कडबा घालितात. आणि संकट पहिल्या पावसानें संपतें असेंही नाहीं. भुकेलें गुरूं ज्वारीच्या कोवळ्या, खुरटलेल्या पोंग्यांवर तुटून पडतें व त्यांतील प्रुसिक आम्लानें घटकेंत कोसळतें. ज्वारी फुलोऱ्यास येईपर्यंत दावें सोडूं नये, हें आम्ही सांगूं लागलों, तों आठवीच्या मुलांनींच आमचें वाक्य पुरें केलें!

त्यांतील एकाची हकीकत निराळी. प्रारंभीं एका शेतकऱ्याचीं ५ जनावरेंच छावणींत घेत. ह्यांचा म्हातारा बैल सहावा. सन २०१५ पासून राज्यांत बैलांची कत्तल कायद्यानें बंद, त्यामुळें गिऱ्हाईक नाहीं; आणि असतें तरी बापानें दावें त्याच्या हातीं दिलें नसतें. कायदा बरा कीं वाईट हा वाद वृत्तपत्रांत चालो. येथें प्रश्न रोजच्या पेंढीचा होता. पांचांच्या वाट्यांतून मूठ मूठ वाढें काढून मुलगा सायंकाळीं दीड कोस घरीं नेई व पहाटे परत छावणीवर येई. आमच्या हजेरीपटावर ते दिवस गैरहजेरीचे म्हणूनच लागले आहेत.