फासळ्या

गिरणीत कापूस नव्हता तेव्हा आम्हाला तीन महिने घरी बसवलं. बसून पोट भरत नाही. ओळखीनं खाडीकाठच्या एका शेडमध्ये लागलो. फायबरच्या मच्छीमार बोटी बनवायच्या. काम रोजावर.

पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, "आत उतर, रोव्हिंग अंथर." मला हसू आलं. आमच्या सूतगिरणीत रोव्हिंग म्हणजे पेळू आणि सूत यांच्या मधली जाड वात. इथं रोव्हिंग म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. थुंकीचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं ठेवला. इथल्या कापडाला मात्र विटाळ नाही. ते अंगात घुसतं, रात्रभर झोपू देत नाही. म्हणून आत आम्हीच. आपल्यातले कवी 'काच' हा शब्द फार वापरतात. मीही वापरलाय. आता जपून वापरीन.

बोटीचं नुसतं कवच लचकतं. म्हणून ते साच्यात असतानाच आत फासळ्या बसवायच्या. उभ्या पट्ट्या त्या स्ट्रिंगर, आडव्या भिंती ती बल्कहेड. आधी ग्राइंडरनं जागा खरवडायची, गुळगुळीत अंगाला काही चिकटत नाही. भिंतीची कड कवचाला थेट टेकवायची नाही. टेकली तर लाटेचा सगळा मार त्याच एका रेघेवर बसतो. मधे फट ठेवून पुट्टी भरायची, कोपरा गोल करायचा. कापड काटकोनात वळत नाही, खाली पोकळी राहते. मग मॅटचे थर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. रोलरनं हवा काढायची, तीही रेझिन आळायच्या आत. उन्हाळ्यात डबा हातातच तापतो.

एका संध्याकाळी प्लायवूड ओलं आलं. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, आणि आत कोंडलेलं पाणी लाकूड कुजवतं. बाहेरून काही दिसत नाही. मुकादम म्हणाला, "झाक." मी झाकलं. पैसे हवे होते.

दुसऱ्या दिवशी बोटीचा मालक आला, कोळी म्हातारा, बरोबर पोरगा. त्यानं फासळीवर बोटानं टकटक केलं. "मजबूत हाय ना रं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "काका, तिसरी ओली हाय."

मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमची जातच तोंडाळ." म्हातारा त्याला काही बोलला नाही. मलाही नाही. फक्त फासळी काढायला लावली. ती मीच कापली, मीच नवी बसवली. दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून काचेच्या धुळीत. तिसऱ्या दिवशी मला येऊ नको म्हणाले. त्या दोन दिवसांचा रोज बुडाला.

बोट पाण्यात गेली, नारळ फुटला म्हणे. मी तेव्हा परत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे सांधत होतो.