छातीतला खारपाणपट्टा

आमच्या लहानपणी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, हार्ट अटॅक कोणाला येत नसे, वायगोळा येई. घरातला कर्ता मध्यरात्री छाती धरून उठे, कोणी हिंग-ओव्याचं पाणी देई, कोणी पाठ चोळी. उजाडल्यावर डॉक्टर घरी येत. त्यांच्यासाठी गरम पाण्याचा तांब्या, नवी साबणवडी, ट्रंकेतला धुतलेला टॉवेल. छातीला नळी लावून ते जेवढा वेळ गप्प राहत, तेवढा वेळ अंगणही गप्प. मग सक्तीची विश्रांती आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ. मोसंबी सोलत, कापसाचा भाव काढत खाटेपाशी ठिय्या.

आता 108 ला फोन लावतात. कार्डिओग्राम निघतो, मोबाइलवरून मोठ्या शहरातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, नाहीतर अँजिओप्लास्टी. भेटायला मात्र एकाच माणसाचा पास.

तेव्हाचं बरं होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. रक्तवाहिनी बंद पडली की काही तासांत स्नायू मरतो, तो उजाडायची वाट बघत नाही. मेलेल्या जागी व्रण उरतो. न आकुंचणारा, वीज धड न वाहू देणारा. त्या रात्रीतून वाचलेली माणसं पुढे काही वर्षांनी जिन्यात थांबू लागली. आम्ही त्याला वय झालं म्हणायचो.

आज त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि त्यावर यंत्र आहे. 1958 साली स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो ठोके पडावेत म्हणून. आताचा सीआरटी पेसमेकर ठोके जुळवतो: एक तार उजव्या कप्प्यात, दुसरी हृदयाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे मागेपुढे आकुंचणाऱ्या भिंती एकदम हलाव्यात. तरी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना हवा तसा गुण येत नाही, आणि व्रण हे त्याचं एक मोठं कारण. तारेचं टोक नेमकं व्रणावर आलं तर खारपाणपट्ट्यात विहीर खणल्यागत होतं. पाणी लागतं, पण खारं; पीक येत नाही.

म्हणून काही ठिकाणी आधी एमआरआय काढतात. गॅडोलिनियम टोचून काढलेल्या त्या चित्रात जिवंत स्नायू काळा दिसतो, व्रण पांढरा. (आम्हाला आधी उलटंच वाटलं होतं.) डॉक्टर विचारतात, "अटॅक कधी आला होता?" घरात कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा मोसंबी कोणी आणली होती, ते मात्र सगळ्यांना आठवतं.

व्रण टाळून दुसरी शीर सापडली तर तार तिथे जाते. नाही सापडली, किंवा व्रणच फार पसरलेला असला, तर कधी नुसत्या गोळ्यांवर भागवावं लागतं. हे शेजाऱ्याला समजावणं कठीण. "मशीन नाही बसवलं? का बरं?" म्हणत तो खुर्ची ओढतो, पुण्याच्या कुठल्यातरी डॉक्टरचं नाव सांगतो, आणि दुसरा चहा होईपर्यंत हलत नाही.