माझं मला उठाया आलं पायजे

गेल्या वर्षी आजी मोरीत पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बदलला आणि कराडजवळच्या गावातून ती आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आली. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, त्यामुळे दिवसाची ड्यूटी आपोआप माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय काय करता यायला पाहिजे?" मला वाटलं, ती शेताचं नाव घेईल, देवळाचं घेईल. ती म्हणाली, "माझं मला उठाया आलं पायजे. बाकी काय नगं."

मग मॅडमनी पहिला व्यायाम सांगितला. "उताणं पडायचं, ढुंगण घट्ट आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं." आजीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी मोबाइलमध्ये बघायला लागलो. या अवयवाचं आपल्याकडे असंच आहे. ढुंगण म्हटलं की विनोद किंवा शिवी, नितंब म्हटलं की कविता आणि पार्श्वभाग म्हटलं की बातमी. साधं शरीर म्हणून त्याबद्दल बोलायला शब्दच उरत नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. सवयच तशी आहे. काही बिघडलं की आधी डॉक्युमेंटेशन उघडायचं. या स्नायूचं नाव ग्लुटियस मॅक्सिमस. शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी एक. कमरेच्या हाडाची मागची बाजू, त्याला लागून असलेलं त्रिकास्थि आणि शेवटी माकडहाड, एवढ्या रुंद जागेतून तो सुरू होतो. त्याचे जाडजूड तंतू तिरके खाली आणि बाहेर उतरतात. थोडे मांडीच्या हाडाला मागून चिकटतात. बरेचसे मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणाऱ्या एका चिवट पट्ट्यात मिसळतात. त्याखाली याच घरातले दोन लहान भाऊ असतात, मीडियस आणि मिनिमस. चालताना एक पाय उचलला की कंबर एका बाजूला कलू न देणं हे त्यांचं काम.

थोरल्याचं काम सांगायला सोपं आहे: मांडी मागे ढकलणं. पाय जमिनीवर रोवलेले असतील, तर तोच जोर उलटा लागतो आणि वाकलेलं धड वर येतं. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, ओझं उचलताना मांडीच्या पुढच्या स्नायूंबरोबर हाच राबतो. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना त्याला फारसं काम नसतं. पळायला लागलो की मात्र तो जोरात जागा होतो. डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हे इलेक्ट्रोड लावून मोजलं होतं. पळताना प्रत्येक पावलाला धड पुढे कोसळू पाहतं, त्याला हा मागून धरून ठेवतो. चिंपांझीच्या शरीरात त्याचा वरचा भाग आपल्याइतका जाड नसतो. आपण ढुंगणाला पाय लावून पळतो असं म्हणतो खरं, पण पळवण्यात मोठा वाटा त्या ढुंगणाचाच असतो.

आणखी एक गोष्ट वाचून मी खुर्चीत जरा चुळबुळलो. उभं असताना हा स्नायू बैठकीच्या हाडांना झाकून असतो, पण आपण बसलो की तो वर सरकतो आणि हाडं मोकळी होतात. म्हणजे ज्याला आपण बसण्याचा स्नायू समजतो, त्याच्यावर आपण नीट बसतसुद्धा नाही. आपलं वजन येतं ते हाडांवर आणि वरच्या चरबीवर. मराठीत बैठक म्हणजे बसणंही आणि व्यायामशाळेतली उठबसही. मी सहा वर्षं पहिलीच बैठक मारत होतो.

आजीचं ऑपरेशन खुब्याच्या मागच्या बाजूने झालं होतं. तिकडून आत जाताना सर्जन याच स्नायूचे तंतू विलग करतात. म्हणजे उठण्यासाठी जो हवा, त्यालाच वाट करून द्यावी लागली होती.

काही आठवड्यांनी मॅडमनी ब्रिज शिकवायला घेतला. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची. आजी तयार होईना, म्हणून मी शेजारी चटई टाकली. चौथ्या वेळेला माझ्याच मांडीत मागून पेटका आला. मॅडम हसल्या. "कुल्ले काम करत नाहीत, म्हणून मांडी मागून ओढतेय." आजी म्हणाली, "आरं, माझा तरी मोडलाय. तुला काय झालंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसाचे दहा तास खुर्चीत जातात, घड्याळ दर तासाला उभं राहा म्हणून मनगटावर टकटक करतं आणि मी ते बोटाने बाजूला सारतो.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. आजीच्या उशाशी मी रोज संध्याकाळी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचो. सकाळी तो भरलेलाच असायचा. चार-पाच दिवस मला वाटलं, तिला तहान लागत नसेल. मग विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. "पानी प्यालं की रातचं उठावं लागतं. मग तुला हाक मारावी लागती. तू काखंत हात घालून उठवतोस, कमोडवर बसवतोस, दाराभाईर उबा ऱ्हातोस. तुला न्हवं, मला कसंतरी हुतं."

तोवर स्नायूचा उगम, शेवट, चेतातंतू सगळं मला पाठ झालं होतं. एक बाई लाजेपायी रात्रभर तहानलेली राहते, हे मात्र दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं उंच, हातांच्या खुर्चीतून उठायचा सराव करायला लागलो. ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. माझा स्टँडअप कॉल झाला की आमचा. ऑपरेशनचा पाय जरा पुढे, हात खुर्चीच्या दांड्यांवर, आणि वर. आधी पाच वेळा, मग आठ. हळूहळू हातांवरचा भार कमी. ढुंगण हा शब्द आता घरात सहज वापरला जातो. "आवळलंस का?" असं तीच मला दटावते.

जमिनीवर मांडी घालून बसणं तिला आता जमणार नाही, डॉक्टरांनी तसं बजावलंय. पंगतीत बसता येणार नाही याचं तिला वाईट वाटतं आणि त्यावर कुठलाही व्यायाम नाही.

पावसाळ्यातल्या एका रात्री वॉकरच्या टकटकीने मला जाग आली. मी उठून बसलो, पण बाहेर गेलो नाही. कमोडचा फ्लश ऐकू आला, मग परत टकटक, मग पलंगाची कुरकुर.

सकाळी तांब्या उचलला, तर तो रिकामा होता.