खोक्यावरचा आकडा

अमेरिकेत जुनी शिकारी रायफल घेताना आधी नळीवर काय कोरलंय ते वाचायचं असतं. .30-06 असेल तर चिंता नाही. 1906 सालचं हे काडतूस आजही सगळीकडे मिळतं, आणि घरी भरायचं म्हटलं तर कुठलंही हँडबुक उघडा, त्याची पानंच्या पानं सापडतील. माझ्या हाती आलेल्या रायफलीवर मात्र ‘6 एमएम-06’ असं कोरलेलं होतं. हे ‘वाइल्डकॅट’ काडतूस, म्हणजे कुणा हौशी माणसाने किंवा गनस्मिथने आपल्या मनाने घडवलेलं. .30-06 ची पुंगळी घ्यायची आणि 6 मिलिमीटरची गोळी बसेल इतका तिचा गळा आवळायचा.

काही वाइल्डकॅटचं नशीब उघडतं. .25-06 हे कितीतरी वर्षं असंच हौशी लोकांच्या हातात होतं. 1969 मध्ये रेमिंग्टनने ते बाजारात आणलं आणि चेंबरची मापं, दाबाची मर्यादा, सगळं कागदावर आलं. 6 एमएम-06 च्या वाट्याला ते आलं नाही. गनस्मिथने ज्या रीमरने चेंबर कोरलं, तेच त्या रायफलीचं माप. एकाच नावाच्या दोन रायफली आतून वेगळ्या असू शकतात.

भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे. इथे अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, त्यामुळे शिकार करणाऱ्या अनेकांच्या गॅरेजमध्ये प्रेस आणि तराजू असतो. नोकरीमुळे वायोमिंगला आल्यावर मीही शिकलो. ही रायफल मिळाली तेव्हा मी नवशिका नव्हतो, हे मुद्दाम सांगतो.

रायफल शेजारच्या आजींच्या दिवंगत यजमानांची. लष्करी माउझर 98 च्या ॲक्शनवर (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा) नवी नळी चढवून घेतलेली, अक्रोडाचा दस्ता हाताने घासून काळपट झालेला. ‘कपाटात गंजण्यापेक्षा तुझ्या हातात राहू दे,’ म्हणून आजींनी ती मला दिली. सोबत काडतुसांचं एक रिकामं खोकं होतं. झाकणावर पेन्सिलीने लिहिलेलं: 100 ग्रेनची गोळी, 4831 (हे दारूचं नाव), किती ग्रेन दारू, आणि साल 1964.

मी हँडबुकं चाळली. बहुतेकांत या काडतुसाचं नावही नव्हतं. पी. ओ. ॲक्लींचं 1962 चं हँडबुक म्हणजे वाइल्डकॅटवाल्यांचा मोठा आधार, पण त्या काळातल्या अशा नोंदींमागे दाब मोजण्याची यंत्रणा क्वचितच असे. .240 वेदरबी हे आकारमानाने जवळचं, त्याचे आकडे छापलेले आहेत, तेही पाहून ठेवले. शेवटी विश्वास बसला तो खोक्यावरच. ज्याची रायफल, त्याच्याच हातचा आकडा, गोळीचं वजनही तेच. याहून खात्रीची माहिती कुठली असणार, असं मला मनापासून वाटलं.

दुकानातून 4831 चा डबा आणला. .30-06 च्या कोऱ्या पुंगळ्यांचे गळे आवळले आणि खोक्यावरच्या आकड्याहून थोडी कमी दारू भरली. खूप कमी करून एकेक पायरी वर चढायला हवं होतं. ते केलं नाही, कारण आकडा सिद्ध झालेला आहे असं मी धरून चाललो होतो.

रेंजवर पहिली गोळी नीट गेली. क्रोनोग्राफने दाखवलेला वेग .240 वेदरबीच्या छापील वेगाहून जास्त निघाला आणि मला आनंद झाला. चूक झाली ती नेमकी इथे. तेवढीच गोळी, तेवढीच जागा आणि वेग अपेक्षेपेक्षा जास्त, म्हणजे दाबही जास्त. फुकटचा वेग कुठून येत नाही. हे मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो. बोल्ट उचलताना जरा जड लागला, तोही मी जुन्या ग्रीसच्या माथी मारला. पुढच्या काडतुसाला बोल्ट उचललाच जाईना. लाकडी हातोडीने तो ठोकून उघडला तेव्हा प्रायमर सुटून खाली पडला. त्याच्या खोबणीभोवती काजळी होती आणि पुंगळीच्या बुडावरची अक्षरं चेपून पुसट झाली होती. माझे हात त्यानंतर कापायला लागले.

कारण नंतर उलगडलं. दुसऱ्या महायुद्धात 20 मिलिमीटरच्या तोफगोळ्यांसाठी बनवलेली दारू युद्ध संपल्यावर शिल्लक पडली. ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन स्वस्तात विकली. 1964 मध्ये हौशी माणसाने नुसतं ‘4831’ लिहिलं की तीच दारू. 1970 च्या दशकात आयएमआर 4831 बाजारात आली. आकडा तोच, पण ती जळते थोडी वेगाने. एकीचं वजन दुसरीला लावलं की दाब चढतो. आज दोन्ही डबे एकाच फळीवर शेजारी दिसतात, दोन्हींवर पूर्ण नाव ठळक छापलेलं असतं. मी आयएमआरचा डबा उचलला होता.

दुसरं कारण गनस्मिथने दाखवलं. त्याने चेंबरमध्ये सेरोसेफ ओतलं. बिस्मथचा हा मिश्रधातू उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला वितळतो, आणि ओतल्यावर तासाभराने साच्याचं खरं माप देतो. चेंबरचा गळा अरुंद निघाला. कोऱ्या पुंगळ्यांचे गळे आवळताना धातू जाड झाला होता, त्यामुळे गोळी सुटायला गळा फाकण्यापुरतीही जागा उरली नव्हती. जुन्या मालकांनी गळे बाहेरून तासून पातळ केले असणार. खोक्यावर ते लिहिलेलं नव्हतं. त्यांना ते लिहायची गरज नव्हती.

माउझरचं पोलाद वरून कठीण, आतून मऊ. बोल्टचे खुंट ज्या बैठकीवर टेकतात ती दबून मागे सरकली होती. गनस्मिथने ॲक्शन पुन्हा वापरायला साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. आजींना सांगायला गेलो. ‘तुला काही लागलं नाही ना?’ हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. यजमानांची रायफल आता पूर्वीची राहिली नाही हे त्यानंतर सांगणं मला फार जड गेलं.

नळी शाबूत होती. ती दुसऱ्या माउझर ॲक्शनवर बसवली. चेंबरच्या मापाप्रमाणे गळे तासले, झाडलेल्या पुंगळीत किती पाणी मावतं ते तोलून पाहिलं, नव्या डब्यातल्या हॉजडन 4831 ने खूप खालून सुरुवात केली आणि बोल्ट जड व्हायच्या आत थांबलो. माझा आकडा खोक्यावरच्या आकड्याहून कमी आहे. या रायफलीला तो पुरतो.

तुम्ही काडतुसं भरत असाल तर वहीत आणि खोक्यावर दारूचं पूर्ण नाव, कंपनीसकट, लिहा. डब्याचा लॉट नंबर, पुंगळीचा मेक, गळा तासला असेल तर तेही लिहा. ते खोकं पुढे कुणाच्या हाती जाईल, आणि तेव्हा विचारायला तुम्ही असाल की नाही, हे सांगता येत नाही.