आच अंगणात, आंबवण घरात

सोलापूर, चैत्र

चि. बाळास,


म्युनिकमध्ये तू स्वतःच्या हाताने बिअर बनवतोस, बागेत मोठ्या पातेल्यात जवाचं पाणी उकळतोस आणि ते निवलं की डबा तळघरात नेऊन ठेवतोस, हे वाचून फार आनंद झाला. मे महिन्यात आल्यावर आपल्या गच्चीवरही एक घाणा लावू या का, असं तू विचारलं आहेस. नाही म्हणते, पण कारणं सांगून म्हणते. आणि त्याऐवजी काय करू या, तेही सांगते.

पहिलं कारण कायद्याचं. तुमच्याकडे घरापुरती वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त बनवता येते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय कोणतंही मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते एका बाटलीपुरतं का असेना. शिवाय हे गाव सोलापूर आहे. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथले लोक दारूविरोधात शिंदीची झाडं तोडायला रूपाभवानी मंदिराकडे निघाले, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या गावात राहून मी हा नियम हलका मानू शकत नाही.

दुसरं कारण हवेचं, आणि ते तुला जास्त पटेल. तुझ्या एल बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश लागतात, लागर बिअरच्या यीस्टला त्याहून बरंच कमी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो; रात्रीही भिंती तापलेल्या. अशा उष्म्यात यीस्ट घाईने काम उरकतं आणि चवीत जळजळीत मद्यार्क उतरतात. गच्चीवरचं ऊन तर बिअरमधल्या हॉप्सचा गंधच नासवतं. तुमच्या बवेरियातही १५५३ साली ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी घातली होती, ती उन्हाळ्याची बिअर बिघडते म्हणूनच. मग लोकांनी वसंतात बनवलेली बिअर तळघरांत साठवली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली आणि त्याच सावलीत बाकं टाकली. तुझ्या आवडत्या बिअरबागा तिथूनच आल्या. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं थंडाव्याचं यंत्र आलं, तेव्हा कुठे ऋतूचा धाक सुटला.

आता माझ्या मुद्द्यावर येते. आंबवणाऱ्याचं खरं कसब पाककृतीत कमी, कोणत्या ऋतूत भांडं कुठे ठेवायचं यात जास्त. आणि ते कसब आपल्या ज्वारीच्या मुलखातही आहे. आपल्याकडे आंबील आहे.

ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं, गुठळी होऊ न देता शिजवायचं. निवल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. तू आधी उकळतोस आणि मग आंबवतोस, म्हणून तुला प्रत्येक नळी, प्रत्येक झाकण निर्जंतुक लागतं. इथे आंबवण आधी आणि आच नंतर, त्यामुळे धुळीच्या अंगणातही ती निभावते. ताकातल्या जिवाणूंना ३० ते ४० अंशांची ऊबच मानवते. जी हवा तुझ्या यीस्टला नको, तीच आंबिलीला हवी.

तरी जागा बदलावी लागतेच. उन्हाळ्यात चूल अंगणात, म्हणजे घर तापत नाही. पिठाचं भांडं मात्र माळवदाच्या घरात, मधल्या खोलीत, नाहीतर पहाटेआधीच ते जास्त आंबतं. तयार आंबील माठात ठेवायची. कोरड्या हवेत पाणी झरझर उडून माठ गार राहतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तो गारवा उरत नाही आणि बुरशी लवकर धरते, म्हणून तेव्हा थोडंच करायचं. थंडीत भांडं चुलीशेजारी, गोधडीत गुंडाळून. वेळ अमावस्येला, ऐन थंडीत, लातूर-धाराशिवकडे आंबिलीचा माठ शेतावर नेतात, पण तिची तयारी आधीपासून घरात चाललेली असते.

तळघराबद्दल एक काळजीचं सांगते. जमिनीखालचं ज्वारीचं पेव उघडल्यावर आपली माणसं लगेच आत उतरत नाहीत, कारण आत कोंडलेल्या वायूने जीव गेलेले आहेत. तुझी बिअर आंबतानाही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तळाशी साचतो. तळघरात हवा खेळती ठेव.

येताना तुझा थर्मामीटर आणि तापमान टिपण्याची वही घेऊन ये. आईने मला हे हातानेच शिकवलं. किती वेळ, किती ऊब, हे कुणी कधी मोजून लिहिलं नाही. तू बिअरसाठी जी शिस्त शिकलास, ती आता आंबिलीला लाव: मे महिन्यात अंगणात, आतल्या खोलीत आणि माठात किती अंश, आंबट व्हायला किती तास. पावसाळ्याच्या आणि थंडीच्या नोंदी मी इथून पाठवत जाईन. वर्षभरात आपल्या घरची आंबील पहिल्यांदा कागदावर येईल, आणि ज्याला करायची असेल त्याला ती करता येईल.

तुझी,
मावशी