नगर ते अकोले : बाकावरचे चौथे मूल

नगर जिल्हा पाहायला येणारा माणूस शिर्डी, शनि-शिंगणापूर, नगरचा भुईकोट किल्ला, फार तर भंडारदरा एवढे पाहून परत जातो. आपल्या वाचकांनी मात्र एकदा या जिल्ह्यातून एस. टी.ने जावे आणि वाटेवरच्या शाळा पाहाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. तारकपूर स्टँडवर मात्र प्रवासी अजून 'नगर'च म्हणतात. सकाळच्या गाडीत निम्मी गर्दी दप्तरांची असते.

शिक्षणाच्या इतिहासात नगर शहराचे स्थान मोठे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे काम सुरू केले. सिंथिया फॅरारबाई १८३९ मध्ये नगरला आल्या आणि मुलींच्या शाळा चालवीत १८६२ मध्ये येथेच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतिबा फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही फॅरारबाईंच्याच संस्थेत. शाळा म्हणजे नुसती इमारत नव्हे, शिकविणारा माणूस तयार पाहिजे, हे या दांपत्याने त्या काळी ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनातही जोतिबांनी प्रशिक्षित आणि पुरेसा पगार असलेल्या शिक्षकांची मागणी केली होती. ही गोष्ट मनात ठेवून पुढच्या गाडीत बसावे.

नगरहून संगमनेरकडे निघाले की राहुरीजवळ महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. ते १९६८ साली स्थापन झाले. पुढे कोल्हारला प्रवरा नदी ओलांडायची, की लोणीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे आले, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या उसाने या भागाला पैसा दिला. पण ऊस तोडायला येतात ती माणसे याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या बीडची. कोयत्याबरोबर त्यांची पोरेही येतात. दिवाळीला गावच्या शाळेतून गेलेले पोर उन्हाळ्याच्या तोंडाला परत जाते, तेव्हा पुस्तक निम्मे उरकलेले असते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आपल्या गावात ती चालू आहे काय, हे पालकांनी शाळेत विचारले पाहिजे.

संगमनेर आले की दया पवारांची आठवण येते. १९७८ साली त्यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि मराठी साहित्यात खळबळ उडाली. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा हा मुलगा हायस्कूलसाठी संगमनेरला आला आणि बोर्डिंगात राहून शिकला. त्या पिढीला हायस्कूल म्हणजे घर सोडणे, दुसऱ्याच्या गावी अर्धपोटी राहणे. याच अकोले तालुक्यातील दादासाहेब रूपवते यांनी बहुजन शिक्षण संघ उभा केला आणि गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे चालविली. शाळेच्या दारात पाय ठेवता यावा, ही पहिली लढाई होती. ती त्या पिढीने लढली आणि जिंकली. आज खेड्यापाड्यांत हायस्कूल आहे, आपले मूल त्याच्या हजेरीपटावर आहे, आणि एस. टी.च्या पासवर मुलगी दहावीपर्यंत जाते आहे.

मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न बाकावर आहे.

प्रवरेच्या खोऱ्यातील एका मोठ्या गावच्या हायस्कूलात पालक-सभेला बसण्याचा योग मला आला. शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. आठवीच्या एका तुकडीचा पट ७१. तिघांच्या बाकावर चार मुले. चौथे मूल तिरपे बसते, वही मांडीवर घेते, आणि दप्तर पायाशी ठेवते. हे चौथे मूल बहुधा कोणाचे असते, ते मी सांगायला नको. ज्याची आई सभेला येऊ शकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते, त्याचे.

तरी काही आया आल्या होत्या. त्यातली एक उठून म्हणाली, "सर, पोरगं दरसाल वरच्या वर्गात जातंय. पण परवा बँकेत पैसे काढायची चिठ्ठी त्याला भरता आली नाही. मग ते शिकलं काय?"

सभा गप्प झाली. मुख्याध्यापक भला माणूस होता, रागावला नाही. त्यांनी सरळ सांगितले, की वर्गखोल्या कमी आहेत, गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, आणि आसपासच्या गावांतले लोक आपल्या गावची शाळा सोडून याच शाळेत मुले घालतात. यावर एक पालक म्हणाले, "पण सर, निकाल तर चांगला लागतो!"

या निकालाविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातील २० अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली ते गुण परत आले, कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्रातील मुले एवढी ढ झाली आणि पुढच्या वर्षी एवढी हुशार झाली, असे कोणी म्हणेल काय? २०२५ साली निकाल ९४.१० टक्के होता. अंतर्गत गुण वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. पण शाळेच्या फाटकावरील फलकाचा टक्का आणि मुलाच्या डोक्यातील विद्या या दोन वेगळ्या रकमा आहेत. त्या एकाच खात्यात जमा धरू नयेत.

मी पेशाने कारकून. सभेत बसल्या बसल्या हिशेब मांडला. तास ३५ मिनिटांचा, मुले ७१. शिक्षकाने फळ्याकडे पाठही न फिरवता प्रत्येक मुलाकडे पाहायचे ठरविले, तरी एकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. एक वही तपासायला २ मिनिटे धरली, तर एका तुकडीच्या वह्यांना २ तास २२ मिनिटे लागतात. त्या शिक्षकाकडे अशा ४ तुकड्या असतील, तर साडेनऊ तास. म्हणून वहीवर तांबड्या शाईची एक बरोबरची खूण येते आणि चूक तशीच राहते. ज्याच्या घरी शिकलेला बाप आहे किंवा ट्यूशनला पैसे आहेत, त्याची चूक घरी दुरुस्त होते. आपल्या मुलाची चूक पाचवीपासून दहावीपर्यंत त्याच्याबरोबर चालत जाते.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. नववी-दहावी त्याच्या बाहेर राहते, आणि खरी कसोटी तर तेथेच लागते. शिवाय मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर बंदी आणली. पुढे भरतीसाठी पवित्र प्रणाली आली, तरी त्या वर्षांत पडलेला खड्डा गावोगाव जाणवत राहिला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या पदांचे निकष बदलले. पट २० च्या खाली गेला की लहान शाळेतली पदे धोक्यात येतात. म्हणजे आपण जवळची शाळा सोडून मोठ्या शाळेकडे धावतो, जवळच्या शाळेतला शिक्षक जातो, आणि मोठ्या शाळेत आपलेच मूल चौथे बसते. यात शासनाची जबाबदारी मोठी आहेच. पण आपले पाऊलही आपण तपासून टाकले पाहिजे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. किती मुले शाळेत घातली एवढे मोजून ते थांबले नाहीत, किती टिकली तेही त्यांनी मोजले. आज मुले टिकतात. म्हणून आपण मोजायची पुढची गोष्ट वेगळी आहे. टिकलेल्यांपैकी किती जणांना शिकता आले, ती.

पालक बंधू-भगिनींनो, यासाठी मोर्चाच काढला पाहिजे असे नाही. अनुदानित हायस्कूलात पाचवी ते आठवीचे वर्ग असतील, तर शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. अनुदानित शाळेत ती सल्ला देणारी समिती आहे हे खरे, पण तिच्या इतिवृत्तात लिहिलेला प्रश्न पुसता येत नाही. तेव्हा तिच्यात नाव घाला. मंजूर पदे किती, भरलेली किती, तुकड्या किती आणि खोल्या किती, हे २००५ च्या माहिती अधिकारात साध्या कागदावर विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्याची फीही पडत नाही. सभा रविवारी किंवा संध्याकाळी ठेवा, असा अर्ज दहा पालकांनी मिळून द्यावा, म्हणजे मजुरी बुडणार नाही. पाचवी ते दहावीतील आपल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज शाळेने भरला काय, तेही पाहावे.

आणि एक काम घरचे. वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी एक तास दिवा लावून मुलांना बसवावे. वस्तीतला एखादा अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी समोर असावी. प्रत्येक मुलाने रोज एक पान मोठ्याने वाचायचे आणि पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहायच्या. आईला वाचता येत नसले तरी मूल अडखळते की नाही, हे तिला ऐकून कळते.

संगमनेरहून अकोल्याकडे जाताना प्रवरेच्या काठाने गाडी चालते. शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेने निळ्या-पांढऱ्या गणवेशातली पोरे रांगेने चाललेली दिसतात. इतक्या मुली सायकलवर पाहून मन भरून येते. येत्या सभेला जाल, तेव्हा मुख्याध्यापकांना निकालाचा टक्का विचारू नका. एवढेच विचारा, "सर, माझ्या पोराच्या तुकडीत मुले किती, आणि त्याची वही शेवटची कधी तपासली?"