पुसून उरलेला रंग

शिसवाचं जुनं कपाट तिरप्या उन्हातच पाहावं. समोरून ते नुसतं काळपट तांबडं दिसतं. ऊन आडवं आलं की मात्र लाकडाच्या रेषा खोल जातात, मध्येच सोनेरी होतात, पुन्हा अंधारतात. ही खोली लाकडात मुळातच असते, पण ती डोळ्यांपर्यंत आणतो पॉलिशवाला.

त्याचं सामान अगदी थोडं. चपड्याच्या पिवळसर-तांबूस पापड्या स्पिरिटमध्ये विरघळत ठेवायच्या. चपडा म्हणजे लाखेच्या किडीचं देणं. झारखंड-छत्तीसगडच्या रानांत पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर ही कीड रस शोषत बसते आणि अंगाभोवती राळेचं कवच रचते. ते खरवडून, धुऊन, गाळून चपडा होतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही चपडा आणि दगडाची पूड यांच्याच मिश्रणाच्या. बालगंधर्वांचा आवाज आणि आजोळच्या कपाटाची झळाळी एकाच किडीनं सांभाळली, हे कळल्यापासून त्या कपाटावरची माझी माया वाढली आहे.

कामाची सुरुवात घासण्यानं. पॉलिशपेपर रेषांच्या दिशेनंच फिरवायचा. आडवा ओरखडा पॉलिशखाली लपत नाही, उलट उठून दिसतो. मग खडूच्या पुडीत गेरू किंवा पिवडी कालवून ती लाकडाच्या छिद्रांत चोळायची आणि वरची पुसून टाकायची. कोरीव कामात तर सगळी कला या पुसण्यातच असते. पातळ केलेल्या गडद तपकिरी रंगाचा एक हात वेलबुट्टीवरून फिरवायचा आणि तो वाळायच्या आत उंचवट्यांवरून फडक्यानं काढून घ्यायचा. पाकळीच्या कडेला, देठाच्या खाचेत तेवढा रंग राहतो. तिथे सावली धरते आणि पाकळी वर उठते. जास्त पुसलं तर नक्षी सपाट होते, कमी पुसलं तर मळकट. कुठे थांबायचं, ते बोटांना कळावं लागतं.

शेवटी चपड्याचे हात. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहायचा. क्षणभरही एका जागी थांबायचं नाही, नाहीतर स्पिरिट खालचा थर उचलून आणतं. भर पावसाळ्यात हे काम टाळतात. हवेतला दमटपणा थरात अडकला की पांढुरकी झाक येते.

स्पिरिटचा हाच गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवा थर जुन्याला थोडा विरघळवतो आणि त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून गरम कपाचा पांढरा डाग किंवा किल्लीचा वरवरचा ओरखडा कित्येक वर्षांनीही जागच्या जागी बुजवता येतो. पॉलियुरेथेनचा थर पाण्याला नि उष्णतेला कितीतरी कणखर. स्वयंपाकघरातल्या कपाटांना तोच हवा. पण तो सोलवटला की बहुधा सगळा खरवडावा लागतो. जी वस्तू पुढच्या पिढीकडे जाणार आहे, तिला दुरुस्त होणारी झळाळी द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून जुनं कपाट विकायला काढण्याआधी एकदा जाणत्या पॉलिशवाल्याला बोलवा. तो काम करत असताना घरातल्या मुलांना शेजारी बसवा आणि एखादा हात त्यांनाही मारू द्या.